गाणे गाजले, पण गायकाच्या हाती काय आले? भीमगीते गाणाऱ्या कलावंतांच्या कमाईचे गणित

मागच्या जयंतीच्या हंगामात मराठवाड्यातल्या एका गावी कार्यक्रम संपल्यावर गायिकाताईंनी आम्हाला बाजूला बोलावले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला स्टॅम्प पेपर काढला. 2017 साली एका म्युझिक कंपनीसाठी त्यांनी आठ गाणी गायली होती. आठ गाण्यांचे एकदाच पंधरा हजार रुपये मिळाले. कागदावर लिहिले होते, "सदर गीतांचे सर्व हक्क कंपनीस दिले आहेत." खाली ताईंची सही. त्या आठपैकी एक गाणे आज मिरवणुकीत वाजते, लग्नाच्या वरातीत वाजते आणि यूट्यूबवर त्याला लाखो व्ह्यूज आहेत. ताईंचा प्रश्न साधा होता, "हे गाणं आता माझं हाय का त्येंचं?"

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे अशा कलावंतांसोबत बसतो, त्यांचे कागद वाचतो, मोबाईलवरचे खाते उघडून देतो. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत. हा लेख गायकांसाठी आहे, तसाच जयंती उत्सव समित्यांसाठीही आहे, कारण आपल्या कलावंतांची पहिली मालक समितीच असते आणि खरे सांगायचे तर पहिली बुडवणारीही अनेकदा तीच असते.

एका हंगामावर वर्ष

आंबेडकरी गाण्याची परंपरा जलशांची. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच जलशातून चळवळ गावोगाव नेली. पुढे वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, प्रतापसिंग बोदडे अशी मोठी फळी उभी राहिली. या गाण्याने समाजाला काय दिले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. समाजाने गाणाऱ्यांना काय दिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

आज गायन पार्टीचे उत्पन्न मुख्यतः एप्रिल आणि मे महिन्यांवर उभे असते. 14 एप्रिलपासून सुरू झालेल्या जयंत्या खेड्यापाड्यांत जूनपर्यंत चालतात. त्यात बुद्ध पौर्णिमा येते. मग पाऊस. पावसाळ्यात वर्षावासाचे ग्रंथवाचन होते, पण त्यात गाण्याला मानधन क्वचितच मिळते. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, 26 नोव्हेंबर, 1 जानेवारी, 14 जानेवारीचा नामविस्तार दिन, 7 फेब्रुवारीची माता रमाई जयंती, असे तुरळक कार्यक्रम. मधल्या काळात नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन.

आता हिशेब करू. समजा, कार्यक्रमाचे मानधन 25,000 रुपये ठरले. सोबत ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तबला आणि कोरसचे दोघे, असे सहा जण. प्रत्येकी 2,000 धरले तर 12,000. गाडीचे 5,000. गायकाच्या हाती उरले 8,000. हंगामात वीस कार्यक्रम झाले तर 1,60,000, म्हणजे महिन्याला सरासरी 13,000 च्या आसपास. त्यातून घसा बसला की औषध, साउंडवाल्याची उधारी, नवे कपडे, पोरांची फी. वीस कार्यक्रम मिळणे हेही सगळ्यांच्या नशिबी नाही, आणि ठरलेले पंचवीस हजार पूर्ण मिळणे तर त्याहून अवघड. "वर्गणी कमी जमली दादा, समजून घ्या," हे वाक्य ऐकले नाही असा एकही गायक आम्हाला भेटलेला नाही. डीजेवाल्याला मात्र आगाऊ पैसे दिल्याशिवाय त्याची गाडी गावात येत नाही, हे समितीला माहीत असते.

गाणे चालू असताना शंभर-दोनशेची बक्षिसे जाहीर होतात, गायकाला कडवे थांबवून देणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. ही रीत जुनी आहे, तिच्यात प्रेमही आहे. पण अनेक ठिकाणी ही बक्षिसे मानधनातच धरली जातात. बक्षीस वेगळे आणि मानधन वेगळे, हे आधीच बोलून घेतले पाहिजे.

शब्द, चाल, आवाज आणि रेकॉर्डिंग

ताईंच्या कागदाकडे परत येऊ. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल, गायकाचे गायन आणि तयार झालेले रेकॉर्डिंग. आपल्याकडे "गाणे कोणाचे" म्हटले की गायकाचे नाव घेतले जाते. कायदा असे एक नाव घेत नाही. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा. रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन तयार केले त्याचे, म्हणजे बहुधा पैसे लावणाऱ्या कंपनीचे. आणि गायकाला 'कलावंताचा हक्क' असतो, त्याची मुदत 50 वर्षे.

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यातील 2012 च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक यांची बाजू बरीच मजबूत केली. ती दुरुस्ती आपल्या कलावंतांपर्यंत पोहोचलेलीच नाही, म्हणून तिच्यातल्या आणि मूळ कायद्यातल्या कामाच्या गोष्टी नीट सांगतो.

हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचा असावा लागतो. तोंडी बोलण्याने शब्द-चालीचा हक्क कोणाकडे जात नाही. करारात किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारतापुरता. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा हक्क, करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर, कंपनीकडे जात नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना हे लागू आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, गीतकार आणि संगीतकाराने सगळे हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडता येत नाही. "रॉयल्टी घेणार नाही" असे लिहून दिले असले तरी ते टिकत नाही. हा वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गायकालाही आपल्या गायनाच्या व्यापारी वापराबद्दल रॉयल्टी मागता येते.

ताईंच्या कागदावर मुदत नव्हती. आठपैकी तीन गाण्यांचे शब्द आणि चाल त्यांच्या स्वतःच्या होत्या. म्हणजे त्या तीन गाण्यांचे शब्द-चालीचे हक्क 2022 मध्ये त्यांच्याकडे परत आले, असे म्हणायला आधार आहे. रेकॉर्डिंग कंपनीचेच राहील. पण ताई तीच गाणी नव्याने रेकॉर्ड करून स्वतःच्या चॅनेलवर टाकू शकतात. अमेरिकेत टेलर स्विफ्टने 2021 पासून आपले जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले, त्यामागेही हाच फरक होता: रेकॉर्डिंग दुसऱ्याचे, गाणे तिचे.

उरलेल्या पाच गाण्यांची गोष्ट जास्त बोचणारी आहे. ती गावातल्याच एका कवीने लिहिलेली. त्यांना ना पैसे मिळाले, ना कोणी त्यांची सही घेतली. म्हणजे कंपनीकडे त्या शब्दांचा हक्क कधी गेलाच नाही. हे ऐकल्यावर ताई काही वेळ गप्प राहिल्या. कारण त्यांनीही त्या कवीला कार्यक्रमाच्या मानधनातून कधी काही दिले नव्हते. आपल्याकडे गीतकार सर्वांत शेवटी उभा असतो. जुन्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफले, वामनदादांच्या गाण्यांत 'वामन' येतो, ती त्या काळातली मालकीची मोहरच होती. आज अनेक गायक ते कडवेच गाळून टाकतात.

वामनदादांचे निधन 2004 साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील 60 वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. "दादांची गाणी समाजाची आहेत," हे भावना म्हणून शंभर टक्के खरे. रेकॉर्डिंग करून त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवताना मात्र ही भावना पुरेशी नाही, परवानगी घ्यावी लागते. विनामूल्य श्रोत्यांसमोर हौशी मंडळाने गाणे सादर करणे याला कायद्यात सवलत आहे. तेव्हा विहारात पोरांनी गाणे म्हटले तर कोणी घाबरण्याचे कारण नाही.

सिनेमाच्या चालीचा फटका

यूट्यूबवर पैसे न मिळण्याचे सर्वांत मोठे कारण आमच्या अनुभवात व्ह्यूज कमी असणे हे नाही. चाल हे आहे.

लोकप्रिय चालीवर आपले शब्द बसवणे ही जलशापासूनची युक्ती. चाल ओळखीची असली की गाणे पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसते. मंचावर ही युक्ती आजही कामाची. पण तीच गाणी इंटरनेटवर चढवली, किंवा बाजारात मिळणाऱ्या तयार ट्रॅकवर गाऊन चढवली, की यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा मूळ संगीत ओळखते आणि त्यावर मूळ कंपनीचा दावा लागतो. व्हिडिओ दिसत राहतो, लोक ऐकत राहतात, जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात. एका तरुण गायकाच्या चॅनेलवर आम्ही चाळीस गाणी तपासली. एकतीस गाण्यांवर असा दावा होता. त्याला वाटत होते की यूट्यूब आपल्या समाजाच्या गाण्यांना मुद्दाम पैसे देत नाही.

म्हणून आमचा सल्ला: मंचावर काहीही गा, चॅनेलवर स्वतःच्या चालीचे, स्वतःच्या वादकांनी वाजवलेले गाणे टाका. एकतारी आणि आवाज पुरतो. कडुबाई खरात यांचे गाणे लोकांच्या काळजात शिरले तेव्हा त्यांच्या हातात एकतारीच होती आणि समोर कोणाचा तरी मोबाईल.

यूट्यूबच्या अटी आता पाहू. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि मागील बारा महिन्यांत 4,000 तास पाहणे, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज, असे लागते. त्याआधीचा एक टप्पा आहे. 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि 3,000 तास किंवा शॉर्ट्सना 30 लाख व्ह्यूज झाले की श्रोत्यांकडून थेट पैसे घेण्याची सोय उघडते. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या तासांत धरत नाहीत, त्यामुळे नुसते तीस सेकंदांचे तुकडे टाकत राहिलात तर सबस्क्रायबर वाढतील, तास वाढणार नाहीत. लांब व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातला 55 टक्के वाटा चॅनेलमालकाला मिळतो. खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे येत नाहीत. त्याआधी पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो, आणि वस्तीच्या अर्धवट पत्त्यावर तो पोहोचत नाही. घर क्रमांक, पोस्ट, तालुका, पिनकोड पूर्ण लिहा. दोन गायकांचे पैसे केवळ यामुळे अडकलेले आम्ही पाहिले.

चॅनेल कोणाच्या ईमेलवर आहे, हेही पाहा. अनेकांचे चॅनेल पुतण्याने किंवा शूटिंगवाल्याने उघडलेले असते. नाव गायकाचे, पासवर्ड त्याचा.

स्पॉटिफाय, जिओसावन अशा ठिकाणी गाणे स्वतः टाकता येत नाही, डिस्ट्रिब्युटर लागतो. तो वर्षाची फी घेतो किंवा टक्केवारी. त्याच्यामार्फत प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. एका ऐकण्याचे मिळतात पैशांत मोजावे इतकेच, म्हणून यावर घर चालेल अशी आशा धरू नका. पण कागदावर मालक म्हणून आपले नाव लागते. शब्द किंवा चाल स्वतःची असेल तर आयपीआरएस या सोसायटीचे सभासद व्हा. गायकांसाठी 2013 साली स्थापन झालेली इसरा ही सोसायटी आहे, तिचे आताचे नाव इसाम्रा. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द किंवा चालीसाठी प्रत्येक कृतीला 500 रुपये, रेकॉर्डिंगसाठी 2,000.

व्ह्यूज म्हणजे पैसे नव्हेत, याचे सर्वांत ठळक उदाहरण तमिळनाडूचे. अरिवू, धी आणि संतोष नारायणन यांचे 'एन्जॉय एंजामी' 2021 मध्ये आले आणि जगभर गाजले. भूमिहीन मजुरांच्या पिढ्यांची वेदना त्यात आहे. 2024 मध्ये संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्यातून त्या तिघांनाही उत्पन्न मिळालेले नाही. इतक्या नामवंतांची ही गत, तर तालुक्याच्या गायकाने सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचलाच पाहिजे.

आपला श्रोता आपल्या वहीत

यूट्यूबचा श्रोता यूट्यूबचा असतो. उद्या चॅनेल बंद पडले तर त्यातला एकही माणूस तुम्हाला शोधत येणार नाही. पोट भरते ते त्या दोन-तीनशे माणसांवर, जे पुन्हा बोलावतात. त्यांची नावे वहीत हवीत.

आम्ही ज्यांच्यासोबत काम करतो त्यांना एकच सवय लावायचा प्रयत्न करतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर समितीचे अध्यक्ष, कोषाध्यक्ष, साउंडवाला, आवर्जून भेटायला आलेले चार श्रोते यांचे नंबर घ्यायचे आणि त्यांना आपला नंबर सेव्ह करायला सांगायचे. व्हॉट्सअपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश जातो, म्हणून हे दुसरे अर्धे काम विसरायचे नाही. नवे गाणे आले, कार्यक्रम ठरला, की त्या यादीवर कळवायचे. रोज 'सुप्रभात' पाठवायचे नाही.

पावसाळ्याचे महिने भरून काढायला कॉलेजांचे कार्यक्रम, कर्मचारी संघटनांची अधिवेशने, महिला मंडळे, शाळेतील संविधान दिन असे दरवाजे ठोठवावे लागतात. तेथे सहा जणांची पार्टी नको असते. एक गायिका, एक ढोलकी आणि गाण्यांच्या मधून सांगितलेली गाण्यांची गोष्ट, असा तासाभराचा कार्यक्रम कमी खर्चात होतो आणि हाती जास्त उरते. तिकीट लावून कार्यक्रम करण्याबाबत आमच्यात मतभेद आहेत. आमच्यातले काही म्हणतात, चळवळीचे गाणे विकायचे नसते. आमचे मत असे की वीस वर्षे फुकट ऐकून आपण गायकाला वेठबिगार केले आहे. शंभर रुपयांचे तिकीट लावून छोट्या सभागृहात एक प्रयोग करून पाहायला हरकत नसावी. ते जमत नसेल तर मंचासमोर गायकाचा क्यूआर कोड तरी लावा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका नि पेनड्राइव्ह हातोहात जातात. त्यात स्वतः छापलेली, स्वतः विकलेली पुस्तिका किती गायकांची असते, हे एकदा स्टॉलवर फिरून पाहा.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे, दरमहा 5,000 रुपयांची. अर्जाला कलेच्या क्षेत्रातील कामाचे पुरावे लागतात. येथे आपली माणसे मार खातात, कारण तीस वर्षे गाऊनही हाती एक पत्रिका शिल्लक नसते. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, बातमीचे कात्रण, समितीचे आभारपत्र जपून ठेवा. समितीनेही लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्याव्यात, त्याला खर्च येत नाही.

समित्यांना आमची विनंती आहे की कार्यक्रम ठरवताना एक पानाचा कागद करा. तारीख, वेळ, मानधन, इसार किती आणि उरलेली रक्कम कधी, प्रवास आणि जेवण कोणाकडे, बक्षिसे कोणाची, आणि कार्यक्रमाचे शूटिंग कोणाच्या चॅनेलवर जाणार. हा शेवटचा मुद्दा नवा आहे आणि त्यावरूनच सध्या भांडणे होतात. उरलेली रक्कम गायक मंचावर चढण्यापूर्वी द्या. रात्री दोन वाजता कोषाध्यक्ष सापडत नाही.

ताईंचा कागद आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेला. तेथे महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही ही सोय आहे. वकिलांनी कंपनीला नोटीस पाठवली आहे. तीन गाण्यांचे हक्क परत आल्याचे कळवले आहे, गायनाच्या रॉयल्टीचा हिशेब मागितला आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान त्या कवीच्या घरी ताई स्वतः जाऊन आल्या. पाच गाण्यांसाठी दोघांत साधा करार झाला, कार्यक्रमागे 500 रुपये आणि रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात अर्धा वाटा. कवी सही करताना म्हणाले, "नाव तेवढं शेवटच्या कडव्यात ठेवा." ते कडवे ताईंना पाठ नव्हते, त्यांनी तिथेच वहीत उतरवून घेतले.